चपला हातात घेऊन

३ ऑक्टोबर

चि. मुली,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं ठीक. तूही ठीक असशील असं धरून चालते, कारण तसं नसतं तरी तू कळवलं नसतंस. तुला घरातल्या नावाने हाक मारलेली आवडत नाही हे माझ्या लक्षात आहे, म्हणून नुसतं ‘मुली’ लिहिलं आहे.

पत्र कामाचं आहे. तुझ्या बाबाचं सातवं पुस्तक अडलं आहे. मालिकेतलं हे शेवटचं. प्रकाशकांची दोन स्मरणपत्रं येऊन गेली आणि वाचक मुलांची तर टोपलीभर. एका मुलीने विचारलं आहे, ‘शेवटच्या पुस्तकात सगळे पुन्हा मरणार का? मेले तर आवडेल.’ अशी ही गुणी बाळं.

तू पहिल्यानंतर एकही पुस्तक उघडलं नाहीस, म्हणून थोडक्यात सांगते. एका इमारतीच्या तळमजल्यावर मेलेली माणसं बिऱ्हाड करून राहतात. (आपलंच घर आहे ते. फक्त कोळ्यांची जाळी जास्त.) त्यात दहा वर्षांची एक मुलगी आहे, कमरेपर्यंतच दिसणारी. तिचं नाव तुला माहीत आहे. एक हाडांची हेडबाई आहे, ती लाल पेन घेऊन थडग्यांवरचं शुद्धलेखन तपासते. ती कोण हेही तुला माहीत आहे. मी कधी वाईट वाटून घेतलं नाही. थडग्यांवर खरोखरच फार चुका असतात.

आणि घराचे नियम आहेत. जिवंत माणसाला प्रवेश नाही. मेलेल्याने स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर चमच्याने तीनदा वाजवायचं, शेवटचं काय खाल्लं ते सांगायचं आणि चपला हातात घेऊन आत यायचं. मेलेल्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत, पण चांगल्या चपला टाकून द्यायला कोणाचंच मन होत नाही, म्हणून.

तर सातव्या पुस्तकाच्या कामासाठी तुझा एक फोटो हवा आहे. अलीकडचा, चेहरा स्पष्ट दिसेल असा. मोठा काढून घे. कशासाठी ते विचारू नकोस.

बाबा थोडा थकला आहे. वयच आहे. चष्मा पावाच्या डब्यात ठेवतो आणि पाव कपाटात. त्याची पुस्तकं वाचलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

इमारतीचा जिना रंगवला. रंग वाईट आहे.

तुझी,
आत्या

ता. क. फोटो लवकर पाठव. लवकर म्हणजे याच आठवड्यात.


१९ ऑक्टोबर

चि. मुली,

आशीर्वाद. फोटो मिळाला. केस कापलेस ते बरं दिसतं. फोटोमागे तू एकच ओळ लिहिली आहेस, ‘आत्या, काय झालंय ते सरळ लिही.’ फोनवर मला हे बोलता येणार नाही. फोन बाहेरच्या खोलीत आहे आणि तो तिथेच बसलेला असतो. म्हणून कागदावर.

तुझ्या बाबाला स्मृतिभ्रंश झाला आहे. डॉक्टरांनी जूनमध्ये सांगितलं. त्यांच्या मते सुरुवात तीन वर्षांपूर्वी झाली असावी. त्यांनी मला विचारलं, “घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

आलं होतं. मी त्यावर ‘उत्तम!’ असा शेरा मारला होता.

सहाव्या पुस्तकात एक मेलेला डॉक्टर आहे. तिसऱ्या प्रकरणात तो तळमजल्यावर राहायला येतो आणि सगळ्यांशी ओळख करून घेतो. पाचव्या प्रकरणात तो पुन्हा नव्याने येतो, पुन्हा ओळख करून देतो आणि कोणीच त्याला ओळखत नाही. नवव्यात पुन्हा तेच. हस्तलिखित तपासताना मी मोठ्याने हसले. मी सहसा हसत नाही, हे तू जाणतेस. त्याला म्हटलं, “अरे, हा डॉक्टर म्हणजे कमाल आहे!” तो गोंधळून माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “कोण डॉक्टर?” मी आणखी हसले. मला वाटलं, तोच विनोद चालवतो आहे.

छापून आल्यावर मुलांची पत्रं आली. डॉक्टर सारखा सारखा ओळख करून देतो तिथे पोट दुखेपर्यंत हसलो, असं एकाने लिहिलं. तुझ्या बाबाने ते पत्र नीट वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी मला विचारलं, “ताई, मी असं काय लिहिलंय की ही मुलं हसतायत?” तेव्हाही मी त्याला विनयच समजले.

दुसऱ्या कुठल्याही घरात हे पहिल्या महिन्यात कळलं असतं. हिशेबनीस असता तर आकडे चुकले असते, शिंपी असता तर बाही. आमच्याकडे माणूस जितका बिघडला तितकं पुस्तक रंगत गेलं.

आता फोटोचं. मी तो त्याच्यासमोर धरला.

“कोण बाई ही?” तो म्हणाला.

“नीट बघ. तुझी मुलगी.”

“नाही गं. ही जिवंत दिसते.”

“जिवंतच आहे. चौतीस वर्षांची आहे.”

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू माझंच काहीतरी बिघडलं आहे आणि आता मला सांभाळून घ्यायला हवं. “ताई,” हळूच म्हणाला, “ती दहा वर्षांची असताना गेली. मीच लिहिलंय ना ते.” उठला, कपाटातून पहिलं पुस्तक काढलं, पहिलं पान उघडून माझ्या मांडीवर ठेवलं. वाक्य तिथे आहे, तुझ्या घरातल्या नावासकट. स्वच्छ छापलेलं. ‘त्या दिवशी अर्धी मेली, आणि तिला पहिल्यांदा घरात मोकळं वाटलं.’

तुझ्या आईने त्याला बजावलं होतं, मला तुझ्या पुस्तकात घालायचं नाही. त्याने ते पाळलं. त्यामुळे तिच्या मरणाबद्दल कुठेच काही छापलेलं नाही. ती बाजारात गेली आहे असं तो समजतो. पहिले काही दिवस मी खरं सांगत होते. दर वेळी त्याला ते नव्याने ऐकावं लागायचं. आता मीही ‘येईल एवढ्यात’ म्हणते. मी खोटं बोलते आहे, हे लिहून ठेवते.

आणखी एक लिहायचं आहे. मागच्या पत्रात जिन्याच्या रंगाबद्दल लिहिलं ते याच्याऐवजी.

पुस्तक छापायला जायच्या आधी तू माझ्या ऑफिसात आली होतीस. मधल्या सुट्टीत. हस्तलिखित माझ्या टेबलावर होतं आणि तू ते पहिलं वाक्य वाचलं होतंस. तू म्हणालीस, “आत्या, तुझ्याकडे लाल पेन आहे ना? एवढं एक खोड ना.” मी म्हटलं, “गोष्ट आहे ती. रडतेस काय?” तू रडत नव्हतीस. मी त्या वाक्यातला एक स्वल्पविराम जागेवर घातला आणि तुला वर्गात पाठवलं.

पुढे माझ्याच शाळेत मुलं तुझ्या शेजारी बसेनात. हजेरीला तुझं नाव आलं की मागच्या बाकावरून कोणीतरी ‘मेली!’ ओरडायचं. माझ्या कानावर आलं होतं. मी खेळ समजले. तुझ्या आईच्या अंत्यदर्शनाला कोणाची तरी मुलगी वही घेऊन तुझ्याकडे आली, ‘तुम्हीच अर्धी ना? सही द्या,’ म्हणाली, आणि तुझा बाबा अभिमानाने हसला. तेव्हा तू चपला घालून निघून गेलीस. त्याला नऊ वर्षं झाली. मी दारात उभी होते. तेव्हाही मी काही बोलले नाही.

काय करावं ते मला कळत नाही. हे वाक्य मी आयुष्यात फार कमी वेळा लिहिलं आहे.

आत्या


७ नोव्हेंबर

चि. मुली,

तुझं पत्र आलं. तू विचारलंस, ‘मी आले तर काय होईल?’ याचं उत्तर द्यायला मला दहा दिवस लागले. आधी घडलं ते सांगते.

आता तो जिवंत माणसांना घरात घेत नाही. गॅसवाल्याला परत पाठवलं. समोरच्या बाई सूप घेऊन आल्या, त्यांना दाराच्या फटीतून म्हणाला, “तुमची वेळ झालेली नाही, नंतर या.” बाई अजून माझ्याशी बोलत नाहीत. डॉक्टरांना दोनदा दारातून परतावं लागलं. मी आत उभी राहून विनवण्या करत होते आणि तो कडीवर हात ठेवून उभा. ओरडून झालं, समजावून झालं, एकदा तर चक्क शिक्षा करीन म्हणाले. बाराशे मुलांची शाळा मी नुसत्या नजरेवर चालवली. इथे एक कडी काढवेना.

मागच्या मंगळवारी दुपारी स्वयंपाकघराच्या मागच्या दारावर टक टक टक झालं. चमच्याने. मी दचकले. तुझा बाबा मात्र टवटवीत होऊन उठला.

“शेवटचं काय खाल्लंत?” त्याने आतून विचारलं.

“पाव,” बाहेरून आवाज आला. “आणि अर्धं केळं.”

त्याने दार उघडलं. दारात आपले डॉक्टर. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बूट, पायांत नुसते मोजे. त्यांची मुलगी अकरा वर्षांची आहे. तिने सहाही पुस्तकं पाठ केली आहेत. बापाची तक्रार ऐकून तिनेच त्याला म्हटलं होतं, “बाबा, तुम्ही चुकीच्या दाराने जाताय.”

“या डॉक्टर. केव्हा गेलात?”

“काल.”

“त्रास झाला?”

“विशेष नाही.”

“बरं झालं. बसा. पहिले काही दिवस करमत नाही, मग सवय होते.”

मग डॉक्टरांनी त्याचा रक्तदाब घेतला, छाती तपासली, आणि तो शहाण्या मुलासारखा बाही वर करून बसला. जाताना डॉक्टर मला म्हणाले, “बाई, तुम्हाला कसं काय घरात राहू देतात?” मला तो प्रश्न सुचलाच नव्हता. संध्याकाळी मी विचारला. तुझा बाबा म्हणाला, “तू? तू तर हेडबाई. तू पहिल्या पुस्तकापासून आहेस.”

म्हणजे चोवीस वर्षं मी मेलेली आहे आणि मला कोणी कळवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी एक वेडेपणा केला. पहिलं पुस्तक घेतलं, पहिलं पान काढलं आणि लाल पेनने ते वाक्य खोडलं. तू सांगितलं होतंस तसं. चोवीस वर्षं उशिरा, पण पट्टी धरून, सरळ रेघेत. समासात लिहिलं, ‘ती वाचली. मोठी झाली. दूरच्या शहरात राहते.’ आणि त्याच्यापुढे ठेवलं.

त्याने चष्मा शोधला. मी पावाच्या डब्यातून काढून दिला. त्याने शांतपणे वाचलं, समासातलंसुद्धा. मग पुस्तक मिटून माझ्या हातावर थोपटलं.

“ताई, छापून झाल्यावर दुरुस्ती होत नाही. तूच शिकवलंस ना मला?”

मी शिकवलं होतं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू पुढच्या दाराने आलीस, बेल वाजवलीस, ‘बाबा, मी आलेय’ म्हणालीस, तर तो तुला आत घेणार नाही. एका अनोळखी जिवंत बाईला घेत नाही तसा. मी आतून काहीही सांगितलं तरी उपयोग होणार नाही. मी सगळं सांगून पाहिलं आहे.

पण रोज दुपारी तीन वाजता तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कप मांडतो. एक त्याचा, एक छोटा, कान तुटलेला, तुझा. मागच्या दाराजवळ खुर्ची ओढून बसतो. काल मी विचारलं, “कोणाची वाट बघतोस?”

“अर्धीची. अजून एकदाही आली नाही.”

“रागावली असेल.”

“असेल. मी विचारलंच नव्हतं तिला, मारू का म्हणून.” त्याने छोटा कप सरळ केला. “आली तर विचारीन म्हणतो.”

हे त्याने पूर्ण शुद्धीत म्हटलं की काय, ते मला सांगता येत नाही. डॉक्टरांनाही येत नाही. त्यांच्या मते, कोणाचीतरी वाट बघतोय हे त्याच्या लक्षात राहण्याचेही आता काही आठवडेच आहेत. मग कप एकच निघेल. मग तोही निघणार नाही.

सातवं पुस्तक होणार नाही. प्रकाशकांना कळवलं आहे.

मी तुला काय सांगते आहे ते मला नीट समजतं. जी गोष्ट खोडून टाक म्हणून तू माझ्यापुढे उभी राहिली होतीस, तीच आता तुला स्वतःच्या पायांनी येऊन खरी करायला सांगते आहे. आली नाहीस तर मी तुला एका शब्दाने दोष देणार नाही. त्याला म्हणेन, एवढ्यात येईल. ते वाक्य मला आता चांगलं जमतं.

आलीस तर इमारतीला वळसा घालून मागच्या बाजूने ये. पाण्याच्या टाकीजवळ खिडकीच्या कट्ट्यावर मी चमचा ठेवला आहे. दार वाजव, तीनदा. शेवटचं काय खाल्लंस ते खरं सांग, त्याला खोटं ओळखू येतं. वय विचारलं तर दहा सांग. उंचीचं तो काही म्हणणार नाही, टेबलाशी बसलीस की तू कमरेपर्यंतच दिसतेस.

चपला हातात घे. आणि जाड मोजे घालून ये, फरशी फार गार असते.

वाट पाहणारी,
हेडबाई