फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल

रविवार, १२ मे २००२

डोकं फिरलंय नुसतं. होडीसाठी फोर-स्ट्रोक इंजिन मी भांडून घेतलं, आवाज कमी म्हणून. थोरल्या भावाला, दादाला, टू-स्ट्रोकच हवं होतं. फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं नाही, हे दुकानदारानं दोघांनाही बजावलं होतं. तरी आज माझी पाठ वळताच यानं ऑइल ओतलंच! का? तर म्हणे, "स्कूटरमध्ये घालतोच की."

खडकवासल्याच्या पाण्यात मधोमध इंजिन धूर ओकत बंद पडलं. त्यावर हा मलाच सुनावतो, "तरी सांगत होतो, टू-स्ट्रोक घे."

अरे, पण ऑइल ओतलं कोणी?

काठापर्यंत वल्ही मीच मारली. आवाज कमी हवा होता ना मला? इंजिनाचा अगदी बंद होता. दादाचा वारज्यात घरी पोचेपर्यंत चालू.