भाऊबीजेची साडी

आरमोरी, भाऊबीजेचा दुसरा दिवस, संध्याकाळ

ताईला दवाखान्यात ठेवून घेतलं. डावा पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत भाजला आहे. डॉक्टर म्हणाले, ती पुन्हा चालू लागेल, पण वेळ लागेल.

काय चुकलं ते क्रमाने लिहून पाहतो. कापून रचलेल्या धानाचे पुंजणे अंगणापासून लांब होते. पाण्याच्या दोन बादल्या आणि रेतीचं घमेलं मीच भरून ठेवलं. फटाके उडवताना सुती कपडेच घाला, असं घरात सगळ्यांना मीच बजावलं होतं. आणि ओवाळणीत ताईला नायलॉनची साडी दिली, तीही मीच.

ती लगेच आत जाऊन नेसून आली. मी म्हटलं, "ताई, फटाके होईस्तोवर बदलून ये ना."

"भावानं देल्ली साडी उद्यासाठी ठेवतेत का रे, येड्या?"

मी हसलो. का हसलो? इतकी आनंदात होती ती. मग भुईचक्र पेटवलं, तेही मीच.

ठिणगी पडून साडी पेटताच मी पाणी ओतलं. आग विझली, पण साडी वितळून पायाला चिकटली होती.

आज भाऊजी चिमूरहून आले. खाटेजवळ उभं राहूनच त्यांनी तिला विचारलं, "असली साडी काऊन नेसली? कोनं देल्ली?"

ताई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मीच घेतली होती बाजारातून."

"अकलीचं काई हाये का नाई तुले?" भाऊजी तिला खूप वेळ बोलत राहिले. ती मुकाट्याने ऐकून घेत होती. मीही.