जुळे पिवळे

३ फेब्रुवारी, सोमवार

रंग! इतकी वर्षं गिऱ्हाईक रंग सांगायचं, मी नुसती स्क्रीनवर बटणं मांडायचो. आता आमच्या कंपनीचं स्वतःचं टिपणांचं ॲप निघतंय, आणि ओळी हायलाइट करायला सहा रंग मी ठरवायचे! आनंद सरांच्या अटी आधीच हजर — "समर्थ, भगवा पहिला नको. आणि पिवळ्याला लागून लाल तर अजिबात नको, कानडी झेंडा होतो. बेळगावात राहायचंय आपल्याला!"

सर, पोरं अभ्यासाच्या ओळी रंगवणार, मोर्चा न्हाय काढणार — असं म्हटलं. मनातल्या मनात.

४ फेब्रुवारी

दिवसभर चर्चा. सर प्रत्येक रंगाकडं मान तिरकी करून बघतात. "ह्यात जरा जीव नाही." जीव म्हणजे काय विचारलं की चहा मागवतात. प्रियदर्शनी — आमची प्रोग्रामर — तीपण त्यांना सामील. "ह्यो उदास वाटालाय." रंग उदास!

एक डाव सुचलाय. लई भारी.

५ फेब्रुवारी

डाव टाकला. सहांत एकच पिवळा दोनदा घातला! प्रियदर्शनी कोडमधला रंगाचा आकडा बघून पकडणार, म्हणून दुसरा मुद्दाम रंगचक्राच्या भलत्याच कोपऱ्यातनं शोधला. आकडा वेगळा, डोळ्याला हुबेहूब तोच. शोधता शोधता चहा गार झाला, पण जुळे सापडले! एकाचं नाव ठेवलं 'पहाट', दुसऱ्याचं 'सांज'. बघू आता कोण म्हणतंय, दोन्ही एकच हाईत म्हणून.

६ फेब्रुवारी

अयाया, पोट दुखलं हसून! सर 'सांज' बघून म्हणतात, "वा, हा नारिंगी झकास. पण भगव्याकडं झुकत नाही ना?" प्रियदर्शनी म्हणते, "न्हाय सर. मला तर पहाट आवडला. पोपटी! भाताच्या कोवळ्या तरव्यागत."

नारिंगी! पोपटी! एकाच पिवळ्याला! आणि दोघंही किती खात्रीनं! 'मला फरक दिसत नाही' म्हणायला एकाची जीभ रेटली नाही. तोंडात रुमाल कोंबून बाहेर पळालो.

७ फेब्रुवारी

सर फोनवर कुणाला तरी सांगत होते — "आमच्या समर्थला रंगांची उपजत जाण आहे हो." सोमवारी सगळ्या ऑफिससमोर ॲप दाखवायचं. तिथंच फोडणार. दोघांची तोंडं बघायचीत मला!

९ फेब्रुवारी, रविवार

रंगीत तालीम म्हणून आईला दाखवलं. "आई, ह्ये दोन रंग कसे हाईत?"

चष्मा लावला तिनं. "ह्यो पोपटी. आन् ह्यो संत्र्याच्या सालीगत. का रं?"

"तुला कुणी शिकवलं?"

"त्यात शिकवायचं काय? तुला दिसंना व्हय?"

आईनं आनंद सरांना कधी बघितलं नाही. प्रियदर्शनीचा नंबर तिच्याकडं नाही. मग ती कटात असंल कशी?

फोनवर ते दोन रंग रात्रभर बघत बसलो.

१० फेब्रुवारी

फोडायचं राहिलंच. सगळे टाळ्या वाजवत होते, मी घामाघूम. मधल्या सुट्टीत प्रियदर्शनीला गाठून सगळं सांगून टाकलं. ती टेबलावर डोकं टेकून हसली — "म्हणजे तू आम्हाला येड्यात काढालतास?" हसू ओसरलं तशी म्हणाली, "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडं जाऊ. मी येते संगं."

११ फेब्रुवारी

पानभर ठिपके. त्यात आकडा असतो म्हणे! मी पान जवळ धरलं, लांब धरलं. एकदा हिय्या करून "सत्तर?" म्हटलं. डॉक्टरांनी पान उलटलं. प्रियदर्शनी खुर्चीमागनं वाकून बघत होती.

लाल-हिरव्याचा घोळ. जन्मापासनंचा. औषध नाही, वाढतही नाही. "हे आईकडून येतं. आईच्या भावांपैकी कुणाला आहे का?" म्हणाले.

परत येऊन सरांना सांगितलं. नोकरी गेली असं धरूनच. डावाचंपण सांगितलं. सरांनी मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं — आज माझ्यात जीव नव्हता, ते दिसलं असंल.

"तुझ्यासारखी पोरं असतील ना रे शाळेत?"

"असतील की सर. वर्गात एखादा तरी."

"मग रंगाला खूण दे. एकाला ठिपके, एकाला नागमोडी रेघ. आणि पुन्हा माझी परीक्षा घेतलीस तर बघ!"

प्रियदर्शनीनं तिथंच करून दाखवलं. पहाट आणि सांज. पहिल्यांदा मला दोन दिसले. उगाचच तेच वाक्य परत परत रंगवत बसलो.

१२ फेब्रुवारी

आईला तिच्या भावाचं विचारलं. "शामूला काय झालंय? धडधाकट हाय की."

शामूमामा गुंजीला शेती करतो. ऐन तरुणपणी रेल्वेच्या परीक्षेत पास झालता. गावात पेढे वाटले. शेवटच्या डॉक्टरी तपासणीला गेला आणि नोकरी न घेताच घरी आला — "मन लागंना" म्हणाला. आजोबा मरेपर्यंत त्याच्याशी धड बोलले नाहीत. अजूनबी घरात कुणी काम अर्धं टाकलं की म्हणतात, 'शामू झाला'. मामा ऐकतो, आणि बैलांना पाणी दाखवायला उठून जातो.

१३ फेब्रुवारी

मामाला फोन केला. ठिपक्यांच्या पानांचं सांगितलं. पलीकडं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग अगदी हळू — "त्यातलं आकडं... तुलाबी न्हाय दिसलं व्हय रं?"