दातांविना जमलेली सोयरीक

॥ श्री देव रवळनाथ प्रसन्न ॥

पौष शुद्ध षष्ठी

तीर्थस्वरूप आनंदीताईस,

धाकट्या मथुरेचा वाकून नमस्कार. (कमरेमुळे हल्ली प्रत्यक्षात अर्धाच वाकता येतं, पत्रात पूर्ण वाकते, तेव्हा हाच खरा धरावा.) देवाच्या कृपेने इकडे सगळी सुखरूप आहोत. भावोजींचा खोकला, तुझे गुडघे आणि तुझ्या ओंकारची नोकरी, तिन्हींची खुशाली कळव. आता तू म्हणशील, फोन फुकट असताना मथुरा पाकिटाला पैसे का घालते? ताई, राग मानू नकोस, पण तुझ्याशी फोनवर बोलणं म्हणजे पोफळीशी बोलणं. तू पलीकडे "हूं" म्हणतेस की रेंज गेली आहे, हे मला कधी कळलेलं नाही. शिवाय जे लिहायचं आहे ते मोठ्याने बोलण्यासारखं नाही, आणि हळू मला बोलता येत नाही.

तर माझ्या वरच्या पुढच्या दोन दातांची कथा. ते वैशाखात गेले एवढं तुला ठाऊक आहे, कसे गेले ते मी सगळ्यांना वेगवेगळं सांगितलंय. खरं असं, की काजूच्या पोत्याची सुतळी कापली की वाया जाते, म्हणून मी गाठ दातांनी सोडवत होते. आजवर किती गाठी सोडवल्या असतील, पण ती कोणी मारली होती देव जाणे. गाठ सुटली, एक दात पोत्यात गेला आणि दुसरा दारावरच्या तोरणासारखा लोंबायला लागला. हे नुसते बघत राहिले आणि म्हणाले, "सुतळी वाचली मां? मगे झाला तर!" (सुतळी अजून चांगली आहे. तिच्यावर हल्ली भोपळ्याचा वेल चढवलाय.)

आमच्या कौस्तुभने मला कणकवलीला दातांच्या डॉक्टर गौरजांकडे नेलं. वयाने लहान, पण हात देवाचा. त्या म्हणाल्या, बाजूचे दोन दात कानसून त्यांच्यावर पूल बांधता येईल. मी म्हटलं, देवाने दिलेले धडधाकट दात मी कानसायला देणार नाही, त्यांनी काय केलंय? मग दुसरा मार्ग निघाला, इम्प्लांटचा. म्हणजे जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा, तीन-चार महिन्यांत तो हाडाशी एकजीव झाला की वर दाताची टोपी घालायची. मी विचारलं, एका खुंट्याला आपण दोन गुरं बांधतो, तशा एका स्क्रूवर दोन टोप्या बसतील का? तर म्हणाल्या, "काकी, पुढच्या दातांना ते चालत नाही." टोपी कसल्या हाडाची, हेही विचारून घेतलं, कारण माझा सोमवार असतो. हाड नाही, चिनी मातीसारखा पदार्थ असतो म्हणाल्या, तेव्हा मी होकार दिला. रंगाचंही तसंच. घराच्या रंगाचं कार्ड असतं तसं दातांच्या रंगाचं कार्ड असतं, ताई, आणि सगळ्या रंगांना भाव एकच! मी अर्थातच सगळ्यात पांढरा मागितला. पण त्या म्हणाल्या, मग बाकीचे दात चहात बुडवल्यासारखे दिसतील. शेवटी त्यांनी मला जुळेल असा पिवळट दिला आणि मी तो घेतला, पण त्याच पैशात पांढरा येत होता हे मनातून जात नाही. (हा खर्च वहीत कुठे टाकावा कळेना. औषधात टाकला तर औषध फार दिसतं. शेवटी घरदुरुस्तीत टाकला.)

श्रावणात अमावास्या टाळून स्क्रू बसवले. चार महिन्यांत हाडाचं आणि स्क्रूचं जमलं. आमच्या कौस्तुभचं मात्र चार वर्षं कुठे जमत नव्हतं. मुलगा पदवीधर, निर्व्यसनी, घरची काजूची कलमं, आंबा, सगळं सांभाळतो. पण मुलगा मुंबईत नाही, गावात राहतो, एवढं ऐकलं की मुलीकडचे चहा अर्धा टाकून उठायचे. सात ठिकाणांहून नकार आला. शेवटी शेवटी तो नवीन सदरा घालायचाही बंद झाला, म्हणायचा, "आई, जुनोच बरो, नकार तोच येतलो." तेवढ्यात वालावलची संचिता सांगून आली. कुडाळला पतसंस्थेत नोकरीला, आणि गावात राहायची तिची स्वतःची हौस. तिच्या आईला, रश्मीबाईंना, एकच भीती होती. त्यांच्या सासूबाईंनी त्यांना जन्मभर बोलून बोलून हैराण केलेलं, तेव्हा मुलीला सासू मात्र गप्प हवी. मध्यस्थाने हे सांगितलं तेव्हा हे माझ्याकडे बघून देवघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

आणि त्यांची यायची तारीख पडली ती नेमकी गावपळणीत. तुमच्या नांदगावात ही प्रथा नाही, म्हणून सांगते. देवाचा कौल झाला की अख्खा गाव तीन दिवस रिकामा करायचा. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्रे, सगळ्यांनी वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोपी करून राहायचं, आणि देव परत बोलावीपर्यंत कोणी आत पाऊल टाकायचं नाही. निघताना इतकी धांदल, की एक कोंबडी फणसावर जाऊन बसली ती उतरेना. त्या कोंबडीपायी माझी प्लेट राहिली. म्हणजे स्क्रू मुरेपर्यंत घालायला डॉक्टरांनी दोन खोटे दात लावलेली काढती-घालती प्लेट दिली होती, ती मी रात्री वाटीत पाण्यात ठेवायची. वेशीबाहेर खोपीत बसून पहिला घास तोंडात घातला तेव्हा मला तोंड मोकळं मोकळं लागलं. कौस्तुभ म्हणाला, गाडीवरून पाच मिनिटांत आणतो. मी म्हटलं, देवाने गाव रिकामा ठेवायला सांगितलाय, माझ्या दातांसाठी त्याचा शब्द मोडायचा नाही. हे म्हणाले, "रवांदे. तीन दीस गावाकय विश्रांती, आमकाय विश्रांती."

ताई, पुढचे दोन दात नसताना मी बोलले की शिट्टी वाजायची आणि आमचा कुत्रा उठून उभा राहायचा. म्हणून दुसऱ्या दिवशी वालावलची मंडळी खोपीत आली (त्यांना गावपळण बघायचीही हौस होती), तेव्हा मी पदर तोंडाशी धरला तो धरलाच. आंबोळ्या वाढल्या, काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं, मान हलवली, ओठ मिटून हसले. संचिता गोड मुलगी गो, खोपीत वाकून आली आणि आल्या आल्या माझ्याबरोबर आंबोळ्या वाढू लागली. मला तिला किती विचारायचं होतं! शब्द नुसते ओठांवर येऊन रांगेत उभे होते. निघताना रश्मीबाई भरल्या डोळ्यांनी ह्यांना म्हणाल्या, "मथुराताई किती शांत आहेत हो!" आणि ह्यांनी पापणीही न हलवता सांगितलं, "पहिल्यापासून तशीच." शेजारच्या खोपीत आमचे शेजारी गुरुदास भावोजी होते, त्यांना खोकल्याची अशी उबळ आली की पाणी द्यावं लागलं. त्याच संध्याकाळी होकार आला. कौस्तुभ खाडीवर जाऊन एकटाच बसला होता. परत आला तेव्हा शीळ घालत आला. मी त्याला चार वर्षांत शीळ घालताना ऐकलं नव्हतं.

गाव भरला, घरी आलो, तर वाटीत पाणी होतं, प्लेट नाही. उंदरावर संशय घेतला, मांजरावर घेतला. मग कपडे भिजत घालताना ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात हाताला काही टोचलं. ताई, ती प्लेट! मी विसरेन म्हणून ह्यांनी निघतानाच खिशात घातली होती. मग दिली का नाही, तर म्हणतात, "दितलंय म्हटला, मगे म्हटला, बरा चल्लाहा तर चलांदे." तीन दिवस माझे दात ह्यांच्या छातीशी होते आणि मी मौनात! पण त्या खिशामुळेच मुलाचं जमलं, तेव्हा भांडावं कसं? भांडले, पण अर्धंच.

पुढच्या आठवड्यात टोप्या बसल्या. इतक्या घट्ट आणि इतक्या आपल्या, की जिभेलाही फरक कळत नाही. डॉक्टर म्हणाल्या, काकी, बोलून बघा, फ आणि व नीट येतात का. मी बोलून बघितलं. फणसावरच्या कोंबडीपासून सगळं बोलून बघितलं. शेवटी बाहेरचे पेशंट दारातून डोकावायला लागले तेव्हा त्या म्हणाल्या, फ आणि व दोन्ही उत्तम आहेत.

आता पौष, म्हणून सगळं थांबलंय. माघात साखरपुडा करायचा ठरतंय. हे आणि कौस्तुभ दोघांनी मला हात जोडून सांगितलंय, अक्षता पडेपर्यंत खोपीतल्यासारखीच राहा. मी गप्प बसून खोटं बोलतेय का, हे रवळनाथाला विचारलं. तो काही बोलला नाही, म्हणजे गप्प बसणं त्यालाही चालत असावं. तरी तू आणि भावोजी दोन दिवस आधीच या. गुडघ्यांना जपून गाडीतून उतरा. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझी धाकटी,
सौ. मथुरा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी खरं काय ते लिहिते. काल ह्यांचा फोन वाजला, हे कलमांत, आणि माझा हात आपोआप पुढे गेला. रश्मीबाई होत्या. थंडी कशी आहे एवढंच त्यांनी विचारलं. त्यानंतर काय झालं मला नीट सांगता येणार नाही, पण कोंबडी झाली, आंबोळीचं पीठ झालं, गुरुदास भावोजींच्या घरातली भानगड झाली, आणि पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, "पण आपण कोण बोलताय?" ताई, डोळ्यांसमोर खाडीवरचा कौस्तुभ आला आणि तोंडातून गेलं, "मी आनंदी, कौस्तुभची नांदगावची मावशी, चार दिवस राहायला आलेय." एवढ्यावर थांबले असते तर ठीक. पण मग तू होऊन मी सांगितलं, की आमची मथुरा लहानपणापासून अबोल. की तुझ्या घराला माडी आहे. आणि भावोजींचा खोकला गेला. तेव्हा हात जोडून एकच मागणं, साखरपुड्याला येशील तेव्हा बोल. सतत बोल. काही सुचलं नाही तर भाज्यांचे भाव बोल. मुलाच्या आयुष्याचा प्रश्न आहे गो.

ता. क. दुसरा. वरचं सगळं विसर. आज सकाळी संचिताने माझ्या फोनवर फोन केला. मी ठरल्याप्रमाणे "हं", "हं" करत होते. तर ती म्हणते, काल आईने फोन स्पीकरवर ठेवला होता, आनंदीमावशींचं ऐकून घरात सगळे पोट धरून हसले. मग म्हणाली, "रागावू नका, पण तुम्ही काही बोलतच नाही. त्या घरात मी कोणाशी बोलायचं? आईला म्हटलंय, मला आणखी विचार करायचाय. त्या मावशीच सासू असत्या तर मी एवढा विचार केला नसता." ताई, आठवा नकार मला समोर दिसला, आणि तोही माझ्या गप्प बसण्यामुळे! मी ओरडलेच, "अगो, ती मावशी म्हणजे मीच गो!" आणि दातांपासून खिशापर्यंत सगळं सांगून टाकलं. पेज करपली. मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि मग तिने बोलायला सुरुवात केली ती मलाही मध्ये शिरता येईना. शेवटी रश्मीबाईंनी तिच्या हातातून फोन घेतला. मी देवाचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, टोचून बोलणाऱ्या वेगळ्या आणि नुसत्या बोलणाऱ्या वेगळ्या, एवढं मला कळतं, आणि साखरपुड्याची तारीख सांगून फोन ठेवला. माघ शुद्ध पंचमी.

तेव्हा ताई, तू बिनघोर ये. कौस्तुभला ओवाळ, पोटभर जेव, आणि हवी तेवढी गप्प बस. बोलायला आता आम्ही दोघी आहोत.