खांबामागची आत्या

३ मार्च

खांब जाड करा म्हणे! मॅनेजर खिशात हात घालून चित्रासमोर उभा, आणि इतक्या सहज बोलला — "ती मागची बाई कशाला? खांब जरा जाड करा, झाकली जाईल."

ती मागची बाई माझी आत्या आहे!

सुताला गाठ मारणारं यंत्र गिरणीत पहिल्यांदा चाललं, त्या सोहळ्याला यंदा पन्नास वर्षं झाली. गिरणीच्या सभागृहासाठी त्याचंच बारा फुटी चित्र काढतेय, जुन्या फोटोवरून. मधोमध इंजिनिअर, हातात फुलं, छाती फुगलेली. आणि यंत्र सुचलं कुणाला? आत्याला! चमच्याची दांडी वाकवून पहिला नमुना तिनं घरी केला. बाबांनी डोळ्यांनी पाहिलंय. इंजिनिअरनं सरळ ढापलं!

४ मार्च

काल मॅनेजरसमोर शेपूट घातली मी. स्वतःचाच संताप येतोय.

७ मार्च

रंगवलं! आत्याला खांबाआडून काढलं, थेट यंत्राला हात लावून उभं केलं. इंजिनिअरला दिला ढकलून कडेला. त्याची फुलंही जरा सुकवली. बरं वाटलं!

९ मार्च

मॅनेजर लालबुंद. "बाई, तुम्हाला इतिहास काढायला सांगितलाय, घरची भांडणं नाही!"

म्हटलं, इतिहासच काढलाय.

"सोमवारपर्यंत पुसा, नाहीतर दुसरा चित्रकार बघतो."

बघ की! नाक घासत येणार नाही मी.

घरी नवरा — "कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" सगळे आयुष्यभर हेच म्हणत आले, म्हणून तर ती फोटोत मागे राहिली! जेवलेच नाही.

१० मार्च

उद्या आत्यालाच नेते. तिच्यासमोर पुसून दाखवा म्हणावं!

११ मार्च

आत्या चित्राच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. मला वाटलं, रडेल.

"पुस मला."

"अगं, पण यंत्र तुझंच ना?"

"माझंच. हातानं गाठी मारणाऱ्या चाळीस जणी होतो आम्ही. यंत्र आलं आणि महिन्याभरात अडतीस जणींना घरी बसवलं. असं होणार हे दिसत होतं, म्हणून सोहळ्याआधीच इंजिनिअरला मीच हात जोडले — नाव तुमचं लावा, माझं नको. त्यातल्या चौघी अजून आहेत. येतात माझ्याकडे चहाला. त्यांना माहीत नाही गं."

टर्पेंटाइनची चिंधी तिनंच माझ्या हातात दिली.