भंडाऱ्याचा बर्फातला खाऊ

सोलापूर, वैशाख वद्य चतुर्थी, शके १८५५

चिरंजीव मुकुंदास वेणीमाधवकाकाचे आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल आहोत, म्हणजे पारा एकशे दहावर आहे, तुझ्या रुक्मिणीकाकूच्या टाचांना भेगा पडल्या आहेत आणि माझे पित्त उसळले आहे. याहून अधिक खुशाली वैशाखात सोलापुरात कोणाची नसते. बार्शीस तुझी वकिली कशी चालली आहे आणि सौ. प्रभाचा खोकला थांबला का, ते कळवावे. एवढे लिहिण्याचे कारण एकच. येत्या शनिवारच्या गाडीने यावे आणि आण्णाचे, तुझ्या वडिलांचे, ते भंडाऱ्या कुत्रे घेऊन जावे.

आण्णाच्या दहाव्याला तळ्याकाठी काय झाले ते तू विसरला नसशील. पिंडाला कावळा शिवेना. तू म्हणालास, घर विकणार नाही, कावळा फांदीवरच. तू म्हणालास, वर्षश्राद्ध थाटात करीन; तो पंख खाजवीत बसला. सगळ्यांच्या पायांना चटके बसत होते, गुरुजी दर्भाचा कावळा करण्याची भाषा बोलू लागले होते, आणि तेवढ्यात तू ओरडलास की, आण्णा, भंडाऱ्याला तुम्ही देत होता तसाच उन्हाळाभर बर्फातला खाऊ मिळेल! कावळा तत्काळ खाली. (पहिल्याच तारखेला तुझ्या बाजूने लागलेला हा तुझा पहिला निकाल असावा.) मग तेरावे आटोपून, चार दिवस बघा म्हणत तू गाडीत बसलास. आज आठवा दिवस. वचन तुझे आणि कुत्रे माझ्या गळ्यात.

तेराव्यापर्यंत ते नीट खात होते. तोवर वळसंगचा बिरप्पा धनगर, ज्याने हे हळदीच्या रंगाचे कुत्रे पिल्लू असताना आण्णाला दिले, तो ओट्यावर मुक्कामाला होता. तो गेला आणि भंडाऱ्याने अन्न सोडले. नुसते पाणी पितो आणि तुमच्या कुलूप लावलेल्या दारापाशी पडून राहतो. म्हटले, आण्णाचा तो खाऊ मिळाला की खाईल. पण आण्णा तो कसा करीत असे हे मला कुठे ठाऊक? आमचे घर एका गल्लीआड, पण सात वर्षे मी त्याच्याकडे पाण्याचा घोट घेतलेला नाही. (तो कुत्र्याला मांडीशी घेऊन जेवतो हे मी एकदा डोळ्यांनी पाहिले आणि तेव्हापासून ते घर सोडले. आपल्या घराण्यात असे कोणी केले नव्हते.)

तेव्हा स्वतःच्या बुद्धीने सुरुवात केली. पहिल्या दिवशी कारखान्यातून बर्फाच्या लादीचा तुकडा भुसा लावून, पोत्यात गुंडाळून टांग्याने आणला. वाटेत टांगेवाल्याला घोड्याला पाणी पाजायचे आठवले, मग स्वतःला चहा प्यायचे आठवले. घरी आला तो भुसा आणि माझे ओले धोतर. दुसऱ्या दिवशी बर्फ पोचला, पण दूध नासले. (दुधात गूळ घालून ते आटवू नये, हे मला चोपन्नाव्या वर्षी कळले. शाळेत शिकवतो ते संस्कृत. त्यात हे येत नाही.) तिसऱ्या दिवशी साखर घातली, ज्वारीची भाकरी कुस्करून घातली, पत्र्याचे साचे भरले, त्यांची तोंडे कणकेने लिंपली आणि माठात बर्फ व खडेमीठ घालून त्यात पुरले. कणीक सैल झाली होती, मिठाचे पाणी आत शिरले. आतून जे निघाले ते हुंगून भंडाऱ्या शिंकला आणि शाळा तपासायला आलेले डेप्युटीसाहेब माझ्या वर्गाकडे बघतात तसा माझ्याकडे बघत राहिला. हे खडेमीठ काकूने लोणच्यासाठी आणले होते. यंदा लोणचे नाही, हे प्रभाला आताच सांगून ठेव.

पाचव्या दिवशी मात्र साधले. पांढरा, टणक, वेलदोड्याचा वास येणारा गोळा वाटीत काढून आण्णाच्या ओट्यावर ठेवला आणि शिवाशीव नको म्हणून धोतर सावरून चार हात दूर उभा राहिलो. त्याने वाटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, दाराकडे पाहिले आणि पंजांवर डोके ठेवून डोळे मिटले. गोळा वितळला. मुंग्या आल्या. मला कुत्री आवडत नाहीत, हे तू जाणतोस. पण त्या दिवशी त्याच्या बरगड्या दिसू लागल्या आणि मी घाबरलो. आण्णाचे जे काही मागे उरले होते ते माझ्या डोळ्यांदेखत उन्हात वाळत चालले होते.

काल बिरप्पा बाजाराला आला होता, तो डोकावला. त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "मास्तर, बरफात काय खोट न्हाय. तुमी हितं वाटी ठिवता आन् तितं जाऊन उबं ऱ्हाता, त्येनं कसं खावं? मेंढरामागं आमी आर्दी भाकरी आपुन खातो, आर्दी त्येला देतो. धनी खाल्ल्याबिगर आमचं कुत्रं तोंड लावत न्हाय. आण्णा बी तसंच करायचे की."

मी त्याला स्पष्ट सांगितले की मी त्रिकाळ संध्या करणारा मनुष्य आहे. तो "व्हय" म्हणाला, घोंगडी झटकली आणि वळसंगच्या वाटेला लागला. तेव्हा हे प्रकरण आमच्याकडे निभणे नाही. शनिवारी अवश्य यावे, साखळी बरोबर आणावी.

तुझा त्रासलेला काका,
वेणीमाधव

ता. क. शनिवारी येऊ नये. या उन्हात आगगाडीचा प्रवास भंडाऱ्याला मानवणार नाही, असे माझे मत झाले आहे. रविवारीही नको. मृग लागेपर्यंत हा विषयच काढू नये. त्याऐवजी प्रभाच्या माहेरहून आलेला, दांड्याने फिरवायचा आइसक्रीमचा पॉट पार्सलने लगेच धाडावा. हे साचे दोघांना पुरत नाहीत.

आणखी ता. क. दोघे म्हणजे कोण, असे तू वकील असल्यामुळे विचारशील. बिरप्पा दिसेनासा झाल्यावर मी ताजा गोळा वाटीत घेऊन आण्णाच्या ओट्यावर जाऊन बसलो. एक चमचा मी खाल्ला आणि एक त्याच्यापुढे धरला. त्याने खाल्ला. मग तो माझ्याकडे बघत थांबला, कारण पाळी माझी होती. वाटी संपेपर्यंत असेच चालले. (वर लिहिलेले सगळे त्यानंतरच लिहिले आहे, अंगवळणी पडलेले बोलणे एकदम सुटत नाही.) चमचा एकच होता. हे काकूस कळू नये. आज तिने वाटीत आपण होऊन दोन चमचे ठेवले होते, पण ते सहज असेल.

शेवटचे ता. क. आण्णा दर उन्हाळ्यात निरोप धाडी, वेण्या, एकदा ये, चव तरी बघ. सात उन्हाळे मी गेलो नाही. आज ओट्यावर बसलो असता समोरच्या कडुनिंबावर कावळा येऊन बसला. आजूबाजूला कोणी नाही असे पाहून त्याला सांगून टाकले की वेलदोडा जरा जास्त झाला आहे, पण चव चांगली आहे.