घनश्यामचा कॉम्प्युटर आणि माझ्या कॅसेटी

३ ऑक्टोबर २००४, रविवार

शेजारच्या घनश्यामने कॉम्प्युटर घेतला. टेलिफोन ऑफिसात नोकरी, त्यामुळे इंटरनेटही लगेच आलं. गल्लीभर पेढे वाटले. मीही एक खाल्ला. साखर जास्त होती.

म्हणतो, गाणी आता फुकट उतरवून घेता येतात, कॅसेट लागतच नाही. मी अभिनंदन केलं. मनापासून. ज्याच्या घरी काचेच्या कपाटात भिंतभर कॅसेटी आहेत, नंबर टाकलेल्या, डांबरगोळ्या घातलेल्या, त्याने कोणावर कशाला जळावं? शाळेच्या ऑफिसातला बाबू म्हणून मला चिमुरात कोणी ओळखत नाही. कॅसेटवाले गुणवंतराव म्हटलं की बस स्टँडवरून माणूस थेट घरी आणून सोडतात.

दर रविवारी संध्याकाळी आमच्या ओसरीत गाणी ऐकायला मंडळी जमतात. आज फक्त नूरुद्दीनभाई आले. बाजारात त्यांचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे, माझा टेपरेकॉर्डर त्यांच्याच हाताखालचा. तेही लवकर उठले. बाहेर पडून डावीकडे वळले. त्यांचं घर उजवीकडे आहे. घनश्यामचं डावीकडे.

१० ऑक्टोबर, रविवार

कोणी आलं नाही. हवा खराब असावी.

भिंतीपलीकडे मात्र हवा चांगली होती. हसणं ऐकू येत होतं.

कुंता विरजण मागायला म्हणून घनश्यामकडे गेली ती बऱ्याच वेळाने परतली. गुणगुणत. विरजण विसरून आली होती. विचारलं, एवढं काय आहे तिथे? म्हणाली, "घनश्यामभाऊच्या इथी गाणं मांगलं का लगेच लागते. तुमी आधी कॅसेट हुडकता, मंग उलटी करता, मंग रिवाइंड, अन् मंग तुमचं भाषण. तवपर्यंत माह्या भात करपते."

लग्नानंतर ती माझ्या एकाही कॅसेटवर अशी गुणगुणलेली मला आठवत नाही.

संकल्प: गाण्याआधी द्यायची माहिती अर्ध्यावर आणणे.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

घनश्याम सहज बोलून गेला होता की त्याच्या फोनला कॉल वेटिंग आहे आणि मध्येच कोणाचा फोन आला की उतरत असलेलं गाणं तुटतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. संध्याकाळी चौकातल्या एसटीडी बूथवर गेलो आणि त्याला फोन केला. तब्येतीची चौकशी. शेजारधर्म आहे. घरी यायला निघालो, मग वाटलं, बीपीचं विचारायचं राहिलं. परत फिरलो. नंतर त्याच्या सासऱ्यांचंही राहिलं होतं.

रात्री जेवताना तो आणि त्याची बायको आमच्याकडे हजर. पपई घेऊन. डोळे ओले. म्हणाला, "भाऊ, माह्या सख्खा भाऊ बी इतकी चौकशी करत नाई गा."

पपई गोड होती. त्याच्याच अंगणातली. आमच्या अंगणातली कडू निघते.

२५ ऑक्टोबर, सोमवार

नूरुद्दीनभाईंच्या दुकानावर नवी पाटी: 'येथे एमपी थ्री सीडी बनवून मिळेल.' गाणी कुठून येणार? घनश्यामकडून.

मी नुसता पाटीकडे बघत उभा राहिलो. तेच म्हणाले, "गुणवंतभाऊ, असं नका बघू. कॅसेट कोन घेऊन राह्यलं आता? दुकान तं चलावा लागते ना." मग एक सीडी माझ्या हातात ठेवून म्हणाले की तुमच्या कपाटातला अर्धा माल या एकीत मावतो.

मी सीडी उलटीसुलटी करून पाहिली. तिच्यात फक्त माझं तोंड दिसलं. चांगलं दिसत नव्हतं.

संकल्प: नूरुद्दीनभाईंशी बोलणं कमी करणे. टेपचं हेड साफ करून झाल्यावर.

५ नोव्हेंबर, शुक्रवार

विजय! विजय!

मंडईची कमिटी घरी आली होती. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेला, रात्री नाटक आहेच, पण संध्याकाळी सुगंधाबाईचा सत्कार करायचा ठरला आहे. सुगंधाबाई म्हणजे आमच्या झाडीपट्टीच्या रंगभूमीचा आवाज. तिने तान घेतली की मांडवाबाहेरचे बैल कान टवकारत, असं मी स्वतः पाहिलं आहे. आता बाई थकली. घशाच्या दुखण्यात आवाज गेला, खरखरीत कुजबुज तेवढी राहिली. आणि तिने स्वतःचं गाणं कधी ऐकलेलंच नाही. कोणत्याही कंपनीने तिची कॅसेट काढली नाही. कमिटीला ते सत्कारात तिला ऐकवायचं आहे.

आणि त्या गाण्याची टेप कोणाकडे आहे? माझ्याकडे! सत्त्याऐंशीच्या मंडईत पहिल्या रांगेत मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन मी भरली होती. जगात एकच.

मुद्दाम घनश्यामकडे जाऊन म्हटलं, जरा इंटरनेटवर सुगंधाबाईचं नाव टाकून बघ. त्याने बराच वेळ बघितलं. म्हणाला, "नाई भेटत गा भाऊ."

पुन्हा नीट बघायला लावलं. पुन्हा नाही भेटलं. आज जेवण फार चांगलं झालं.

८ नोव्हेंबर, सोमवार

घनश्याम आला. म्हणे, "टेप जुनी हाये, भाऊ. कार्यक्रमाच्या आधी एक कॉपी कॉम्प्युटरवर घेऊन ठेवू. आयनवख्ती काई झालं तं?"

डाव लगेच ओळखला. आज कॉपी, उद्या नूरुद्दीनची सीडी, परवा पानठेल्यावर सुगंधाबाई. मग मला कोण विचारणार? सांगितलं, कॉपी काढली की मूळ टेपचा जीव कमी होतो. असं मी कुठेतरी वाचलं आहे. बहुधा.

कुंता मध्येच म्हणाली, "द्या न त्यायले. काऊन अडून राह्यले?" हिला आजकाल त्याचंच सगळं पटतं.

कॅसेट कपाटात ठेवून कुलूप लावलं. किल्ली करदोट्याला बांधली.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

तयारी जोरात. टेप रोज सकाळ-संध्याकाळ वाजवून बघतो. वाजल्याने टेप मोकळी राहते. मध्ये कुठेतरी बारीक चरचर ऐकू येते, पण ती शेजारच्या कॉम्प्युटरच्या पंख्याची असावी. भाषणही बसलं. त्यात 'खरा संग्राहक' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा मी घनश्यामकडे बघणार आहे.

२१ नोव्हेंबर, रविवार. सकाळ

आज. कोसा सिल्कचा शर्ट इस्त्री करून तयार. घनश्यामला पहिल्या रांगेत बसवायला कमिटीला सांगून ठेवलं आहे. जवळून दिसावं.

२२ नोव्हेंबर, सोमवार

व्होल्टेज कमी होतं.

२३ नोव्हेंबर, मंगळवार

सविस्तर लिहिणं भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील तेच खरं होईल.

भाषण उत्तम झालं. थोडं लांबलं. टेप लावली. पेटी वाजली, सुगंधाबाईचा पहिला सूर लागला. आणि मग आवाज जाड होत गेला, आणखी जाड, म्हशीच्या हंबरण्यासारखा, आणि बंद. झाकण उघडलं तर फीत आतल्या चाकांत गुंतलेली. मी ओढली. ओढायला नको होती असं नूरुद्दीनभाई स्टेजखालून ओरडत होते. हातभर आली, मग बरीच आली, मग तुटली.

लोक हसले. हसू देत. पण सुगंधाबाई हसली नाही. कानामागे हात धरून तशीच टेपकडे वाकून बसली होती. तिला वाटलं, अजून लागायचंच आहे. मला हळूच विचारलं, "आता लागन नाई का बावा?"

मी म्हटलं, व्होल्टेज.

मग तिला शाल-नारळ दिला. घनश्याम पहिल्या रांगेत होता. त्याने मान खाली घातली होती. हसला असता तर बरं झालं असतं, मला त्याच्याशी भांडता आलं असतं.

२५ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसला रजा. ताप असावा.

कुंता बोलत नाही. सुगंधाबाई अजून इथेच तिच्या भाचीकडे आहे, कुंता तिला भेटून आली, आणि परत आल्यावर भिंतीशी बोलल्यासारखी बोलली: "बाई म्हनते, पह्यला सूर आयकू आला तेवढा बी माह्याच होता का?"

दुपारी मी पडलो होतो. डोळे मिटलेले होते. कुंताने करदोट्याची किल्ली हळूच सोडवली, कपाट उघडलं, तुटक्या फितीची पिशवी काढली आणि डावीकडे गेली. गाढ झोपेतला माणूस काय करणार? कूस बदलली, कारण गाठ कमरेखाली दबली होती आणि तिला सुटत नव्हती.

२८ नोव्हेंबर, रविवार

नूरुद्दीनभाई आणि घनश्याम दोन दिवस फीत सरळ करत बसले होते म्हणे. तुटली तिथे पट्टी लावून जोडली, नव्या कॅसेटच्या खोक्यात गुंडाळली आणि कॉम्प्युटरवरही घेतली. माझं हातभर नुकसान वगळता सगळं वाचलं.

संध्याकाळी घनश्याम दारात. "चाला, भाऊ. तुमच्याबिना सुरू नाई करत." मी म्हटलं, डोकं दुखतं. तो तिथेच उभा राहिला. गेलाच नाही. शेवटी, तांत्रिक देखरेखीला कोणीतरी जाणतं माणूस हवं, म्हणून गेलो.

सुगंधाबाई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. घनश्यामने बटण दाबलं आणि गाणं लगेच सुरू झालं. शोधणं नाही, रिवाइंड नाही, भाषण नाही. एवढ्या वर्षांत मी ते इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते आवडलं, आणि त्याच्या घरी आवडलं याचा फार राग आला.

बाई रडेल असं सगळ्यांना वाटत होतं. ती हसली. गुडघ्यावर ताल धरून म्हणाली, "पोट्टी बरी गात होती." जसं काही दुसरीच कोणी. मग घशातून नुसती हवा काढत ती स्वतःबरोबर गाऊ लागली. घनश्यामने पुन्हा लावलं. आणि पुन्हा.

बाईने विचारलं, हे कोणी भरलं? मी घसा साफ केला. त्याच्या आत घनश्याम बोलला: "या गुणवंतभाऊनं. थे नसते तं काईच नसतं." माझं वाक्य होतं ते. माझ्यापेक्षा चांगलं म्हटलं त्याने. बाईने माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

मग ती म्हणाली, "पन हा मधात कोन बोंबलते बावा?"

गाण्यात एक जागा आहे. ती दम घेते, नुसती पेटी वाजते, पुढे मोठी तान आहे. तिथे पहिल्या रांगेतून एक माणूस ओरडतो, "सरक न बे पोट्ट्या, टेप चालू हाये!" बाई म्हणाली, "त्या रोजी बी मले असंच झालं. तान घ्याले तोंड उघडलं अन् हा बोंबलला. हासू आलं मले. कशीबशी उचलली."

कुंताने पदर तोंडात कोंबला. नूरुद्दीनभाई छताकडे बघू लागले. मी म्हटलं, त्या काळी लोकांना शिस्त नव्हती.

घनश्याम म्हणाला, तेवढा तुकडा कापता येतो. आणि कापला. दोन बटणं. तोवर बाई म्हणत होती की तिच्याकडे कॉम्प्युटर नाही, जुना टेपरेकॉर्डर आहे, आणि कुंताने माझी कॅसेट तिच्या पिशवीत ठेवलीसुद्धा. सगळ्यांदेखत. मी "अर्थातच" म्हटलं.

५ डिसेंबर, रविवार

घनश्यामने सीडी दिली. वर माझं नाव सुबक अक्षरात छापलं आहे. घरी वाजवायला काही नाही. सीडीही हातात धरता येते, तेव्हा संग्रहात बसायला हरकत नाही. कपाटात रिकाम्या जागी उभी केली. राहीना, घरंगळते. आडवी ठेवली.

संध्याकाळी ती नीट बनली आहे का, हे तपासायला घनश्यामकडे गेलो. मंडळी जमली होती. एकाने उठून मला खुर्ची दिली, मागची. सुगंधाबाईचं गाणं लावलं. आता बाई दम घेते आणि पेटीला लागून सरळ तान निघते. मध्ये काही नाही. जोड कुठे आहे ते कोणाला कळणारही नाही. मला कळतो. मी डोळे मिटले, आणि ती जागा आल्यावर मनातल्या मनात म्हटलं, सरक न बे पोट्ट्या, टेप चालू हाये.

डोळे उघडले तर सगळे मागे वळून माझ्याकडे बघत होते.